लाकडी डाव

आमच्या घरात भात वाढायचा एक लाकडी डाव आहे. त्याच्या दांड्यावर निळे-पांढरे पट्टे आहेत. २०२२ साली माझ्या मुलीनं ते शाळेच्या रंगांनी रंगवले. तेव्हा ती आठ वर्षांची होती. रंग वाळल्यावर डाव माझ्या हातात देत ती म्हणाली, "बाबा, तुझ्या टीमला हेच मिळतं ना?"

मिळतं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमध्ये जो संघ सगळ्यांत शेवटी येतो, त्याला लाकडी चमचा मिळाला असं म्हणतात. खरा चमचा कोणी देत नाही, तेवढीही प्राप्ती नाही. ही मूळची केंब्रिजची टवाळी. तिथं गणिताच्या परीक्षेत कसाबसा तरून गेलेल्या शेवटच्या विद्यार्थ्याला त्याचे सोबती लाकडी चमचा बक्षीस द्यायचे. म्हणजे तो निदान पास तरी झालेला असायचा. आमचा नॉर्थ मेलबर्न २०२१ साली शेवटचा आला आणि २०२२ साली, यशात सातत्य हवं म्हणून असेल, पुन्हा शेवटचा आला.

मराठीत डाव म्हणजे वाढायची पळी आणि डाव म्हणजे खेळातली पाळीही, हे मी मुलीला समजावून सांगत होतो. मेलबर्नमध्ये वाढणाऱ्या पोरीच्या कानावर चार मराठी शब्द जास्त पडावेत, हा हेतू. तिनं सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे डाव हरला की डाव मिळतो?" तिचं मराठी सुधारल्याचा आनंद मानावा की नाही, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

हे दुखणं मी स्वतःच्या पायानं चालत जाऊन घेतलं. २०१६ च्या मे महिन्यात आम्ही मेलबर्नला आलो. आपल्याकडे नवीन माणूस भेटला की "तुम्ही कुठले?" असं विचारतात. त्यानं कोल्हापूर सांगितलं की "कोल्हापुरात कुठले?" आणि पेठ सांगितली की "म्हणजे त्या अमक्यांचे तुम्ही कोण?" इथं एकच प्रश्न असतो: तू कुठल्या संघाचा? या शहराचं नाव, गाव, गोत्र, प्रवर सगळं त्यात येतं. लीगमधल्या अठरा संघांपैकी नऊ एकट्या मेलबर्नचे आहेत. "कुठल्याच नाही" असं उत्तर मी पहिल्या दिवशी ऑफिसात दिलं. मुंजीत गोत्र न सांगता आलेल्या बटूकडे गुरुजी बघतात, तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पेशानं हिशेबनीस. कुणी म्हणालं म्हणून सही करणाऱ्यांतला नाही. दोन दिवस गुणतक्त्याचा अभ्यास केला. नॉर्थ मेलबर्न त्या मोसमात नऊ सामने खेळला होता आणि नऊही जिंकला होता. आधीच्या दोन्ही वर्षी तो उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. क्लब १८६९ पासूनचा, वाडवडिलांची पुण्याई भक्कम, कर्जबाजारीपणाच्या जुन्या गोष्टी मागे पडत चाललेल्या. मी सभासदत्व घेतलं, निळा-पांढरा मफलर घेतला आणि मुलीसाठी टोपी घेतली.

त्यानंतरच्या तेरा सामन्यांत संघ तीन जिंकला. रडतखडत आठवा येऊन बाद फेरीत गेला आणि तिथं पहिल्याच सामन्यात गारद झाला. दरम्यान क्लबनं चार ज्येष्ठ खेळाडूंना पुढच्या वर्षी करार नाही म्हणून कळवलं. त्यांत ४३२ सामने खेळून लीगचा तेव्हाचा विक्रम करणारा ब्रेंट हार्वेसुद्धा होता. तेव्हापासून २०२५ संपेपर्यंत नॉर्थ मेलबर्न एकदाही बाद फेरीत पोचलेला नाही.

बायको याला माझा पायगुण म्हणते. मी तिला सांख्यिकी समजावून सांगतो. ती म्हणते, "तेच म्हणते मी. नऊपैकी नऊ, आणि मग तू."

खेळ थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर मलाही अजून येत नाही. क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर लंबगोल चेंडूनं दोन्हीकडून अठरा-अठरा माणसं खेळतात. चेंडू लाथेनं मारायचा किंवा तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा; फेकायचा नाही. टप्पा पडल्यावर तो कुठं जाईल हे कुणालाच माहीत नसतं, आणि पट्टीच्या खेळाडूंनाही ते माहीत नसतं हे बघून नवख्या माणसाला बरं वाटतं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेनं गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या बुटक्या खांबाच्या आत गेला तर एक. नेम चुकल्याबद्दल गुण देणारा दुसरा खेळ मी तरी पाहिलेला नाही. पंच त्यासाठी झेंडासुद्धा हलवतो, गोलला दोन आणि चुकल्याला एक. आमच्या संघावर प्रेम करणाऱ्या माणसाला तो एक झेंडा फार ओळखीचा होतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी अंतिम सामना असतो. त्याला लाखभर माणूस जमतं आणि त्याच्या आदल्या दिवशी व्हिक्टोरिया राज्याला सार्वजनिक सुट्टी असते. सामन्याची नाही, आदल्या दिवसाची. आपल्याकडे चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालकेला जसा घरोघरी वेगळा उत्साह असतो, तसं. आमच्या घरी त्या सुट्टीत गवत कापतात.

तर, रीबिल्ड. या शब्दावाचून इथली क्रीडापानं छापता येणार नाहीत. संघ दोन वर्षं सलग हरला की तो हरतो आहे असं म्हणत नाहीत; तो रीबिल्ड करतो आहे असं म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हाच मला तो ओळखीचा वाटला, कारण त्याचा सख्खा भाऊ डोंबिवलीत आहे. माझाही.

दादाची बिल्डिंग चाळीस वर्षांची. गच्ची गळायची, पिलर फुगले होते. २०२० साली सोसायटीनं रीडेव्हलपमेंट करायचं ठरवलं. बिल्डरनं गुळगुळीत कागदाचं ब्रोशर वाटलं. त्यात कारंजं होतं, जिम होती, हिरवळ होती आणि त्या हिरवळीवर एक गोरं जोडपं सोनेरी कुत्रं घेऊन फिरत होतं. दादा मला फोनवर म्हणाला, "गंमत बघ, हे लोक डोंबिवलीत राहायला येणार आणि तू तिकडे." चाळीस टक्के जादा चटईक्षेत्र, छत्तीस महिन्यांत ताबा आणि तोवर दरमहा भाडं. २०२१ साली बिल्डिंग रिकामी झाली. महिन्याभरात पाडून सपाट केली.

नॉर्थ मेलबर्ननंही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एका फटक्यात अकरा खेळाडूंना नारळ दिला. पाडकाम वेळेत झालं. पाडकाम नेहमीच वेळेत होतं. मी आणि दादानं तेव्हा एकमेकांचं अभिनंदन केलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

मग वास्तुविशारद बदलायला सुरुवात झाली. २०१९ ते २०२३ या काळात संघानं, हंगामी सोडून, चार प्रशिक्षक पाहिले. येणारा प्रत्येक जण आधीच्याचा आराखडा बघून मान हलवायचा, आपल्याकडे नवीन आलेला प्लंबर पहिल्यांदा "हे कुणी केलंय?" असं विचारतो, तसं. २०२१ च्या गुड फ्रायडेला तर आम्ही वेस्टर्न बुलडॉग्जकडून १२८ गुणांनी हरलो. गुड फ्रायडेला सामना व्हावा म्हणून वर्षानुवर्षं हट्ट धरणारा क्लब आमचाच. शुक्रवार रात्रीचे सामने १९८५ साली सुरू झाले, तेही नॉर्थच्याच पुढाकारानं. आता शुक्रवारची रात्र चांगल्या संघांना देतात, कारण सगळा देश टीव्ही लावून बसतो. जिनं पापड लाटायची कल्पना काढली, तिलाच मंडळानं लाटायला बसू दिलं नाही, अशातली गत. शेवटी २०२३ साली अ‍ॅलेस्टर क्लार्कसन आला. हॉथॉर्नला २००८ साली आणि नंतर २०१३, २०१४, २०१५ असं लागोपाठ अजिंक्यपद मिळवून देणारा हा माणूस, आणि तरुणपणी नॉर्थकडूनच खेळलेला. म्हणजे बाहेरचा मोठा आर्किटेक्ट आणून वर तो मूळचा आपल्याच वाडीतला निघावा, असा योग. दादाच्या प्लॉटवरही त्याच सुमारास मोठा फलक लागला. फलकामागे गुडघाभर पाणी होतं.

या खेळात नव्या मुलांची निवड होते तिला ड्राफ्ट म्हणतात. दर नोव्हेंबरला अठराच्या आसपासची पोरं एकेक करून संघ उचलतात आणि जो सगळ्यांत शेवटी आला तो सगळ्यांत आधी उचलतो. नापास झालेल्या घरानं बोर्डात पहिला आलेला मुलगा दत्तक घ्यायचा, असा हा न्याय. विचार उदात्त आहे. फक्त त्यामुळे मोसमाच्या मध्यावर चांगली चांगली माणसं आपला संघ हरावा म्हणून मनातल्या मनात देवाला नारळ बोलतात. मेलबर्न नावाच्या संघाबद्दल तर २००९ सालच्या सामन्यांवरून अशी चौकशी झाली. ते मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही, पण २०१३ साली पाच लाख डॉलर दंड मात्र झाला. आपल्याकडे मास्तर "कोण बोललं ते कळलं नाही, पण तू उभा राहा" म्हणायचे ना, अगदी तसा निकाल.

ड्राफ्टच्या आधी दोन महिने या पोरांची जी चौकशी चालते, ती मुलगी बघायला जाणाऱ्यांनीही कधी केली नसेल. उंची सेंटिमीटरमध्ये, वीस मीटर किती सेकंदांत धावतो, डावखुरा की उजवा, गुडघे कसे, आई कुठल्या गावची. आई कुठल्या गावची हे फार महत्त्वाचं, कारण पोरगं पळून माहेरी जाण्याचा धोका असतो. हे मी गमतीनं म्हणत नाही. २०२१ साली आम्ही देशातली पहिली निवड वापरून जेसन हॉर्न-फ्रान्सिस आणला, साउथ ऑस्ट्रेलियाचा. दहा वर्षं संघ खांद्यावर घेईल असं पोरगं. एक मोसम खेळला आणि म्हणाला, मला घरी जायचंय. पोर्ट अ‍ॅडलेडला गेला. आमच्या घरात तेव्हा सुतकी शांतता होती. मी म्हणालो, "नवी सून पहिल्या सणाला माहेरी गेली आणि परत आलीच नाही." बायको म्हणाली, "सासरी दोनच सामने जिंकले होते त्या वर्षी. कोण राहील?"

त्या देण्याघेण्यात मात्र आम्हाला वरच्या दोन निवडी मिळाल्या आणि त्यांतून हॅरी शीझल आणि जॉर्ज वॉर्डलॉ आले. शीझलनं पहिल्याच सामन्यात चौतीस वेळा चेंडू खेळवला. पहिल्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि क्लबचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. अठरा वर्षांचा मुलगा घरात कमावता एकटाच, आणि बाकीचे ओट्यावर बसून त्याच्या कौतुकात दंग. मला फार आपलं घर वाटलं ते.

२०२३ ची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी.

आमच्या शेजारी एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ राहतात. इथं ऐंशी वर्षांच्या माणसालाही नावानं हाक मारायची पद्धत आहे. मी तोंडानं मारतोही, पण मनात आजोबाच म्हणतो. आजोबा जन्माचे नॉर्थवाले. त्यांचे वडील नॉर्थ मेलबर्नमधल्या खाटिकखान्यात कामाला होते. नॉर्थच्या लोकांना 'शिनबोनर' हे टोपणनाव त्या परिसरातल्या खाटिकखान्यांवरूनच पडलं असं म्हणतात. शिनबोन म्हणजे नळीचं हाड. संघ १९२५ साली मोठ्या लीगमध्ये आला आणि त्यानं पहिलं अजिंक्यपद मिळवलं १९७५ साली. पन्नास वर्षांनी. आजोबांच्या वडिलांनी पहिल्या वर्षापासून वाट पाहिली आणि १९७४ साली ते गेले. "थोडी घाई केली त्यांनी," आजोबा म्हणतात.

तर २०२३ साली आम्ही पहिले दोन सामने जिंकलो. मी हुरळून जाऊन बेसनाचे लाडू वाटले. त्यानंतर सलग वीस सामने हरलो. वीस. मार्च संपला, हिवाळा आला, शाळेच्या दोन सुट्ट्या होऊन गेल्या. हे खेळाडू सामना जिंकल्यावर ड्रेसिंगरूममध्ये गळ्यात गळे घालून क्लबचं गाणं म्हणतात. हरल्यावर म्हणत नाहीत. ऑगस्टपर्यंत नव्या पोरांना त्याचे शब्द आठवत असतील की नाही, अशी मला शंका यायला लागली होती. पण दुःख तसं हलकं होतं, कारण सगळ्यांना एक नाव तोंडपाठ झालं होतं: हार्ली रीड. त्या वर्षीच्या पोरांत पहिला. असा मुलगा दहा वर्षांत एकदा जन्मतो, असं सगळे म्हणत होते. (दरवर्षी म्हणतात.) आम्ही शेवटचे आलो की तो आमचा. प्रत्येक पराभवानंतर आजोबा कुंपणापलीकडून बोट वर करायचे: एक पायरी आणखी जवळ आलो.

ऑगस्टअखेर शेवटचा सामना होबार्टला, गोल्ड कोस्टविरुद्ध. गुणतक्त्यात आमच्या खाली जायची शक्यता फक्त पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सची, आणि तीही आम्ही जिंकलो तरच. म्हणजे नेहमीसारखं हरलो की काम फत्ते. आजोबा आमच्याकडे आले होते. थालीपीठ टोमॅटो सॉसबरोबर खातात ते. मी आता काही बोलत नाही. सामन्याच्या पहिल्या पाव भागात आम्ही पुढे गेलो. आजोबा म्हणाले, "घसरतील." दुसऱ्या पावात आणखी पुढे गेलो. तिसऱ्या पावात त्यांनी थालीपीठ खाली ठेवलं. पोरं धावत होती, झेप घेऊन चेंडू पकडत होती, वर्षभर एकाच झेंड्याची सवय झालेला पंच दोन-दोन झेंडे हलवत होता. मुलगी सोफ्यावर उभी राहून ओरडत होती. मी एका गोलला टाळी वाजवली आणि दुसऱ्याला कपाळावर हात मारला. भोंगा वाजला. आम्ही जिंकलो. पडद्यावर खेळाडू गाणं म्हणायला लागले. आजोबाही उठून उभे राहिले आणि भरल्या डोळ्यांनी ते गाणं म्हणाले. ते अश्रू आनंदाचे होते की हार्ली रीडचे, हे मी अजून विचारलेलं नाही.

वीस पेपरांत नापास झालो आणि नेमक्या एकविसाव्याला पास होऊन शिष्यवृत्ती घालवली. हार्ली रीड पर्थला गेला. लीगनं आमच्यासाठी जादा निवडींचं मदतीचं पॅकेज जाहीर केलं. पॅकेज हा शब्द ऐकल्यावर मी लगेच दादाला फोन लावला. तो म्हणाला, "पंचनामे झाले का?"

२०२४ साली पहिला विजय मिळायला जून उजाडला. पण त्या वर्षीचा जो सामना मला झोपेतही आठवतो, तो हरलेला आहे. कॉलिंगवूडविरुद्ध आम्ही ५४ गुणांनी पुढे होतो. चोपन्न. मी स्टेडियममध्ये होतो, माझ्या डोक्यावर छत होतं, हातात मीट-पाय होती आणि आजूबाजूची कॉलिंगवूडची माणसं गप्प बसली होती. कॉलिंगवूडची माणसं गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मी दादाला संदेश पाठवला: 'जिंकतोय.' त्याचं उत्तर आलं: 'ताबा मिळाल्याशिवाय पेढे वाटू नकोस.' आम्ही एका गुणानं हरलो. एका गुणानं. तो एक गुणसुद्धा नेम चुकलेल्याला देतात, हे मघाशी सांगितलंच.

या सगळ्यात एक गोष्ट मी लपवून ठेवली आहे, कारण तिनं माझं रडगाणं बिघडतं. नॉर्थ मेलबर्नच्या महिला संघानं २०२४ साली एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळवलं. २०२५ साली पुन्हा मिळवलं. तेच पट्टे, तेच गाणं, तोच क्लब. बायको आणि मुलगी त्या संघाच्या. आमच्या हॉलमध्ये एकाच रंगाचे तीन मफलर टांगलेले असतात, त्यांतले दोन चॅम्पियन आहेत. एकाच घरातल्या मुलीनं पांग फेडावेत आणि थोरल्या चिरंजीवानं अजून अकरावीला एटीकेटीत अडकून राहावं, आणि तरी पाहुण्यांसमोर आईबापांनी "तोही हुशार आहे हो, फक्त..." करत राहावं, तसं माझं होतं. मुलीनं एकदा विचारलं, "बाबा, तू आमच्याकडे का येत नाहीस? आमच्याकडे जागा आहे." हिशेबनीस म्हणून तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचे सामने मी बघतो. टाळ्या वाजवतो. पण जिंकणाऱ्या संघाबरोबर बसलं की मला हात कुठं ठेवावेत ते कळत नाही.

तिकडे दादाचं दुसरं भाड्याचं घर सुटून तिसरं झालं. वहिनींनी कपाटाची पार्सलं उघडणंच सोडून दिलं आहे. भाड्याचा चेक येतो, कधी येत नाही. रेरा झालं, मोर्चा झाला, बिल्डरच्या ऑफिसात गणपतीची पूजा झाली. २०२५ च्या मोसमात आम्ही लूक पार्कर, जॅक डार्लिंग आणि लीगमधला बुटका म्हणून प्रसिद्ध असलेला, हेल्मेट घालून खेळणारा केलेब डॅनियल अशी दुसऱ्या संघांतली मुरलेली माणसं आणली. पोरांना वळण लावायला घरात वडीलधारं कोणी हवं, म्हणून. पाच सामने जिंकलो, एक बरोबरीत सोडवला आणि सोळावे आलो. २०२३ साली सतरावे, २०२४ साली सतरावे, २०२५ साली सोळावे. या वेगानं कधी पहिले येऊ त्याचं गणित मी एका रात्री मांडलं होतं. आजोबांना दाखवलं नाही.

पण फेब्रुवारीचं तसं नसतं. फेब्रुवारीत सगळे अठरा संघ सारखेच असतात. गुणतक्ता कोरा असतो, दुखापती नसतात आणि सरावाच्या बातम्यांत प्रत्येक पोरगं पाच किलो स्नायू कमावून आलेलं असतं. हे पाच किलो दरवर्षी येतात. मोजले तर एव्हाना आमचा संघ मैदानात मावायला नको. इथं एक जमात आहे, भर उन्हाळ्यात सकाळी उठून कुंपणाला टेकून सराव बघणाऱ्यांची. मी त्यांना हसायचो. परवा आजोबा आणि मी गेलो.

आमच्या टारनीटहून गाडी, फुटस्क्रेला बदल, की पुढे आर्डन स्टेशन. कोरं करकरीत स्टेशन, नोव्हेंबरात सुरू झालेल्या नव्या भुयारी मार्गावरचं. आजोबा सरकत्या जिन्यावर वर येताना म्हणाले, "नऊ किलोमीटरचे दोन बोगदे खणले शहराखालून. पूर्ण झाले." पुढं काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

आर्डन स्ट्रीटच्या क्लबच्या मैदानावर कोवळ्या उन्हात पोरं धावत होती. कुंपणापाशी पंचवीसेक माणसं होती. एकाकडे दुर्बीण होती, एक जण वहीत लिहीत होता. वॉर्डलॉचे पाय बरे दिसतायत का, यावर दोघांचं हळू आवाजात चाललं होतं. पाहुण्यांत पेशंटबद्दल बोलतात तसं. मला वाटलं, मी काही बोलायचा नाही. दहा मिनिटांत मी वहीवाल्याला सांगत होतो की मधल्या फळीत आता वजन आलंय, फक्त पुढच्या टोकाला एक उंच माणूस हवा. तो म्हणाला, "बरोबर." दहा वर्षांत पहिल्यांदा या देशात कुणीतरी मला फुटबॉलच्या बाबतीत बरोबर म्हणालं. शिवाय यंदापासून नियम बदललाय. आठांऐवजी पहिल्या दहांना पुढच्या फेरीची संधी आहे. कटऑफ खाली आला. आता सोळाव्यावरून फक्त सहा पायऱ्या. आजोबांनी मान डोलावली आणि रिचमंडची आठवण काढली: २०१६ साली तेरावे, २०१७ साली अजिंक्य, १९८० नंतर पहिल्यांदा. मी मेलबर्नची काढली: ५७ वर्षांनी २०२१ साली जिंकले. तो अंतिम सामना लॉकडाउनमुळे पर्थला झाला होता आणि ५७ वर्षं थांबलेली माणसं इथं घरात कोंडलेली होती, हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

तेवढ्यात एका पोरानं लांबून लाथ मारली. चेंडू उंच खांबांमधून न जाता बाजूनं आमच्याकडे आला, कुंपणावर आपटला आणि भलतीकडेच उडाला. चुकला होता.

"पाय बघ, पाय," आजोबा म्हणाले. "काय ताकद आहे!"

परतीच्या गाडीत दादाचा फोन आला. मागे मिक्सरचा आवाज. "प्लिंथ झाली," तो म्हणाला. "फोटो टाकलाय बघ. पाणी काढलं सगळं."

"वा! मग?"

"बिल्डर म्हणतो, डिसेंबरला ताबा."

"कुठल्या डिसेंबरला?"

"तेवढं विचारायचं राहिलं बघ." मिक्सर थांबला. "तुमचं काय?"

"सप्टेंबर," मी म्हणालो.

कुठल्या सप्टेंबरला, ते त्यानं विचारलं नाही. मोठा भाऊ आहे शेवटी.